म्होरकं काळीज

जावईबापूंचा पाय रिंगणाच्या पायरीला लागला की मी उभी राहायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची, "चालता हो मेल्या! परत या दारात दिसलास तर तंगडी मोडीन!" मग माझ्यामागं सगळं सभागृह उठायचं. टीव्हीवाले कॅमेरा धावत माझ्याकडं आणायचे आणि मी हातातली पुठ्ठ्याची पाटी उंच धरायची. 'मानपान संपला' असं त्यावर मीच रंगवलेलं होतं. महाराष्ट्रभर लोक मला 'शिव्या देणाऱ्या मावशी' म्हणून ओळखायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते भारी वाटायचं.

तर हे जावईबापू म्हणजे कोण, ते आधी सांगते. तो सुयोग. माझ्या धाकट्या बहिणीचा पोरगा. बहीण गेली तेव्हा सुयोग चौथीत होता. त्याचा बाप आधीच दुसरा संसार मांडून बसला होता, म्हणून मी पोराला माझ्याकडं आणलं. मी हेमलता खराडे, एस.टी.त कंडक्टर, उभा जन्म कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर गेला. लग्नाचं माझं जमलं नाही. सुयोग आल्यावर ते जमवायची गरजही वाटली नाही.

पोरगा टीव्हीवरच्या 'महारिंगण' कुस्त्यांमध्ये गेला तेव्हा तालमीतल्या जुन्या लोकांनी नाकं मुरडली. ही काय कुस्ती आहे का, म्हणे, सगळं आधीच ठरलेलं असतं. अहो, असू दे की ठरलेलं! नाटकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर चहा पितो, म्हणून तुम्ही नाटक बघायचं सोडता का? उंचावरून पाठीवर पडणं काही ठरवून सोपं होत नाही. सुयोगच्या पाठीला तेल लावताना मी ते रोज बघत होते.

त्याला त्यांनी खलनायक केलं, नाव ठेवलं जावईबापू. जरीची टोपी, खांद्यावर शेला. रिंगणात पाट मांडून बसायचं, दोन माणसांकडून पाय धुऊन घ्यायचे, पंचानं वाकून नमस्कार केला नाही म्हणून रुसून निघून जायचं, आणि समोरचा पाठमोरा झाला की मागून लाथ घालायची. बायका तर इतक्या चिडायच्या, की विचारू नका. प्रत्येकीला आपापल्या घरचा कोणीतरी आठवत असणार.

यात एक नियम कडक होता. बाहेर कुणालाही नातं कळू द्यायचं नाही. खलनायकाला घरी भाकरी करून घालणारी मावशी आहे, हे लोकांना कळलं की त्याचा राग कसा येणार? म्हणून लक्ष्मीपुरीच्या बाजारात तो समोरून आला तर मी मोठ्यानं म्हणायची, "आला बघा हलकट." तो तोंड वाकडं करून निघून जायचा. आणि संध्याकाळी जेवताना ठसका लागेपर्यंत हसायचा. "मावशी, आज बाजारात लई भारी जमलं गं! ती मेथीवाली मला मारायलाच उठली होती." मी जितकी मनापासून शिवी देणार, तितकं पोराचं नाव होणार, असं आमचं सरळ गणित होतं. त्यामुळं मी शिव्या अगदी पोटातून द्यायला शिकले.

शिरोलीच्या पुढं नवं सभागृह झालं, तेव्हा कंपनीचा मला फोन आला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची कायमची तुमची, म्हणाले. आपल्या आरड्याओरड्याचं चीज झालं असं मी समजले. तिथंच मी फसले.

पहिल्या दिवशी माझ्या मनगटावर पट्टा बांधायला एक मुलगी आली. ऋजुता लिमये, पुण्याची, कंपनीत इंजिनियर. बोलायला गोड होती, पण बोलताना डोळे हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर.

"काकू, तुम्ही ओरडता म्हणून नाही हो ही खुर्ची," ती म्हणाली. "तुमच्या ठोक्यामुळे आहे."

"कसला ठोका? मी काय घड्याळ आहे?"

ती हसली आणि मग तिनं मला नीट समजावून सांगितलं. खूप माणसं एका जागी बसून एकच गोष्ट मन लावून बघत असली, की त्यांच्या काळजाचे ठोके हळूहळू एका चालीत येतात. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. या कंपनीनं पुढचा प्रश्न विचारला. एका चालीत येतात, तर कुणाच्या चालीत? त्यांनी गेल्या हंगामात तिकिटाबरोबर सगळ्यांना पट्टे वाटले आणि मोजत बसले. तेव्हा दिसलं, की प्रत्येक गर्दीत चार-दोन माणसं अशी असतात, ज्यांचा ठोका आधी बदलतो, आणि बाकीच्यांचा त्यांच्यामागून.

"म्हणजे मेंढरांच्या कळपात एक म्होरकं असतं, तसं?"

"अगदी तसंच. आणि काकू, तुमच्याइतकं पक्कं म्होरकं आम्हाला दुसरं सापडलंच नाही."

नव्या सभागृहाच्या जमिनीखाली त्यांनी कंपनाच्या पट्ट्या बसवल्या होत्या. म्होरक्याचा ठोका उचलायचा आणि बारीक हादरा करून सगळ्यांच्या पायाखाली परत सोडायचा. कानाला तो ऐकू येत नाही. तळपायाला आणि माकडहाडाला कळतो. प्रेक्षक असोत, पंच असोत, कडेला बसलेला डॉक्टर असो, त्या फरशीवर जो आहे त्याचं काळीज हळूहळू त्या ठेक्याला लागतं. असं सगळं सभागृह एका चालीत आलं, की यंत्र त्याचा एकत्र जोर मोजतं. आणि पैलवानांच्या कानात बसवलेल्या बोंडातून दोनच शब्द बोलतं, 'वाढव' किंवा 'आवर'. आधी कुस्तीचा शेवट लेखक ठरवायचा, आता बघणारे ठरवणार होते. तोंडानं नव्हे, अंगानं.

"आणि मी घाबरले तर गं?" मी सहज विचारलं.

"यंत्राला घाबरणं आणि रंगात येणं यातला फरक कळत नाही, काकू. ठोका वाढला, हाताला घाम आला, म्हणजे प्रेक्षकाला आणखी हवंय. शरीराच्या हिशेबी दोन्ही सारखंच आहे."

"मग तुमचं यंत्र येडंच आहे की," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. सुयोग माझा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी जावईबापूंची लढत होती डोंगऱ्याशी. डोंगऱ्या म्हणजे फिरोज मुजावर, सुयोगचा जिवलग. आठवड्यातून दोनदा माझ्या घरी तांबडा-पांढरा ओरपणारा पोरगा. अंगानं थोराड, मनानं लोणी. रिंगणात दोघं एकमेकांचा जीव घ्यायला उठायचे आणि घरी एका ताटात जेवायचे.

सुरुवात झकास झाली. जावईबापू रुसले, मी पाटी नाचवली. पायाखाली काहीतरी गुरगुरत होतं, गिरणीच्या जोत्यावर उभं राहिल्यावर वाटतं तसं. मग माझ्या ध्यानात आलं, की ते माझ्याच छातीबरोबर चाललंय. मी ओरडायला श्वास घेतला, तर माझ्यामागं सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. अंगावर काटा आला, पण वाईट वाटला असं नाही म्हणणार मी. इतकी माणसं आपल्याबरोबर श्वास घेतायत, त्याची एक नशा असते.

मग डोंगऱ्यानं सुयोगला डोक्यावर उचलून आपटलं. हे नेहमीचंच. पण सुयोग पडला तो खांद्यावर पडला, आणि त्याचा हात ज्या तऱ्हेनं वळला ते मला खुर्चीतून कळलं. पंच गुडघ्यावर बसला, काहीतरी बोलला, उठला आणि त्यानं डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. पैलवान खरोखर जखमी झालाय, थांबवा, असा त्या फुलीचा अर्थ.

पण थांबवणार कोण? गेल्या वर्षी लेखकांनी लोकांना फसवायला ती फुली तीनदा खोटी दाखवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागच्या रांगेत जाड चष्म्याचा एक माणूस नेहमी यायचा, कधी ओरडायचा नाही, कुणी पडलं की नुसता ओठ चाटायचा. तो पुढं वाकला. माझ्या मानेवर मला त्याचा श्वास लागत होता.

माझं काळीज धाडधाड उडायला लागलं. पायाखालचा हादराही तसाच धाडधाड वाजायला लागला, आणि सगळं सभागृह खुर्च्यांवरून उठलं. फिरोजनं मान झटकली, कानाशी हात नेला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. आणि तरी त्यानं वाकून सुयोगला परत उचललं.

"नको रे! फिरोज, सोड त्याला!" मी त्याचं खरं नाव घेऊन किंचाळले. ऐकतो कोण! सगळेच किंचाळत होते. तो परत आपटला गेला. मी जितकी घाबरत होते तितका गोंगाट वाढत होता, आणि जितका गोंगाट वाढत होता तितकी मी घाबरत होते. तिसऱ्यांदा फिरोज खाली वाकला तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. हे मी करतेय. पोराला मी मारतेय.

पट्टा ओरबाडला, निघेना. पळून जाणार कुठं, थेट प्रक्षेपण चालू असताना दारं बंद असतात. मग मी डोळे वर केले, छतावरच्या दिव्यांकडं बघितलं आणि मनातल्या मनात माझी गाडी सुरू केली. स्टँड. कळंबा. इस्पुर्ली. बिद्री. मुदाळ तिट्टा. गारगोटी. दुपारची गाडी, अर्धी रिकामी, खिडकीतून ऊन, एक म्हातारा पेंगतोय. परत उलटं. गारगोटी, मुदाळ तिट्टा, बिद्री. रिंगणात काय होतंय याचं मला काही नाही. माझा कोणी नाही तिथं. कोण सुयोग? सुट्टे द्या, पुढं सरका.

हादरा मंदावला. मला मोठी जांभई आली. शेजारच्या बाईला आली. मग रांगेनं, गव्हाच्या शेतावरून वारा जावा तशी, जांभई मागं मागं गेली. माणसं खाली बसली. कुणी मोबाइल काढला, कुणी डोळे चोळले. एवढं मोठं सभागृह, पण पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. ऐन लढतीच्या मध्ये सगळी माणसं मठ्ठ तोंडानं बसून होती, आणि मधोमध माझा पोरगा आडवा पडला होता. फिरोजच्या कानात 'आवर' वाजलं असणार. त्यानं सुयोगवरची पकड सोडली आणि त्याच्या शेजारी बसून तो ढसाढसा रडला.

खांद्याचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर होती. तिसऱ्या उचलीला मान गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवस सुयोग माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. कार्यक्रमातला तुकडा होता. तो विव्हळत पडलाय, आणि कॅमेरा माझ्यावर. मी छताकडं बघतेय, आणि आ करून जांभई देतेय.

"मी मरत होतो मावशी," तो म्हणाला, "आणि तू जांभई दिलीस."

मला रडू फुटलं. मी त्याला सगळं सांगितलं, पट्टा, म्होरकं, हादरा, 'वाढव' आणि 'आवर'. त्याचा विश्वास बसेना. तेवढ्यात फिरोज आला, दारातच थबकला. आत यायची त्याला लाज वाटत होती.

"मावशी खरं सांगतेय," तो म्हणाला. "कानात 'वाढव' वाजत होतं आणि पायाखालनं तो ठेका चढत होता. हात माझा राहिलाच न्हाई रे, सुयोग. आईशप्पथ. मग एकदम सगळं थंड पडलं. माझा रागबी गेला, भीतीबी गेली."

मी ऋजुताला बोलावून घेतलं. नातं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं वरच्या साहेबांना यंत्राचा घोटाळा कळवला. उत्तर आलं, की तो कार्यक्रम आजवर सगळ्यांत जास्त बघितला गेलाय, यंत्र उत्तम चाललंय.

"मग सोड ते रिंगण," मी सुयोगला म्हणाले. "आजच्या आज सोड."

"आणि काय करू? मला दुसरं येतं काय? आणि आलं तरी करायचं नाही मला, मावशी! लोक मला बघून चवताळतात ना, तेव्हा मला वाटतं, मी आहे." तो मोडक्या खांद्यानं उठायला गेला आणि कळवळून परत बसला. "आईच्या मागं मी कुणाला दिसतच नव्हतो. फक्त तुला दिसत होतो."

मी म्हणाले, मग मी खुर्ची सोडते. मी नसले की झालं.

"नाही काकू," ऋजुता म्हणाली. "तुम्ही नसलात तर यंत्र पुढचं म्होरकं घेतं. तुमच्या मागच्या रांगेतले ते जाड चष्मेवाले आहेत ना, ते दुसरे."

मग सुयोगनं माझा हात धरला. "तू बस, मावशी. तू बसलीस, की मी वाचतो. त्या दिवशी जमलं ना तुला? तसंच परत जमव."

असा मी तो धंदा पत्करला. पोरासाठी वाटणारी माझी भीती मोडून काढायचा धंदा.

सुयोगचा खांदा जुळेपर्यंत मी रोज दुपारी सराव केला. ऋजुतानं एक पट्टा घरी आणून दिला होता. मी त्याच्या पडण्याचा तो तुकडा लावायची आणि पट्ट्यावरचा आकडा बघायची. पहिल्यांदा आकडा उसळायचा, मला भडभडून यायचं. मग गाडी सुरू करायची, स्टँड, कळंबा, इस्पुर्ली. तुकडा परत लावायचा. परत. हळूहळू आकडा उसळायचा बंद झाला. मग गाडीचीही गरज उरली नाही. त्याचा हात वळताना मी भाजी निवडू लागले. ज्या दिवशी आकडा जराही हलला नाही, त्या दिवशी मी शेवयाची खीर केली. सुयोगनं दोनदा मागून घेतली.

मग घरात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. दूध उतू जाताना मला दिसायचं, मी उभी राहून बघायची आणि ते सगळं उतू गेलं की शेगडी बंद करायची. समोरच्या पार्वती वहिनींचे यजमान गेले. आमचा तीस वर्षांचा शेजार, त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. आणि विचित्र म्हणजे, जरा वेळानं त्यांचंही रडणं थांबलं. त्यांनी डोळे पुसले आणि तांदूळ निवडायला घेतले. आत माणूस अजून झाकून ठेवलेला होता.

मी हे ऋजुताला सांगितलं. तिनं माझ्या पट्ट्याचे आकडे पडद्यावर काढून बघितले.

"तिथं तर फरशीखाली पट्ट्या नव्हत्या," ती म्हणाली. "काकू, हे थांबवूया. मला भीती वाटतेय. हे परत पहिल्यासारखं होईल की नाही, मला माहीत नाही."

"होईल गं," मी म्हणाले. मला त्यात काळजी करण्यासारखं काही वाटत नव्हतं. पूर्वीची असते तर मी तिला दहा प्रश्न विचारले असते, हेही मला कळत होतं. थोड्या वेळानं तिलाही वाटेनासं झालं असावं. तिनं चहा घेतला आणि ती गेली.

जावईबापू परत रिंगणात उतरले ती दिवाळीतली मोठी लढत. सभागृह खच्चून भरलेलं. मी उभी राहिले, पाटी धरली, शिव्या दिल्या. शिव्या सगळ्या पाठ होत्या. पट्ट्यावरचा आकडा सुरुवातीला मी चढू दिला, लोकांची मजा का घालवा! फिरोजनं उचलायला हात घातला की उतरवायचा. लगेच 'आवर'. फिरोज त्याला अलगद टेकवायचा. परत थोडा चढवायचा. मोटेच्या दोरासारखं सगळं सभागृह माझ्या हातात होतं. सुयोगनं एकदा रिंगणातून माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. कोणाला कळलं नसेल, मला कळलं. त्याचं हसणं मी तो लहान असल्यापासून ओळखते.

शेवटच्या टप्प्यात तो कोपऱ्याच्या खांबावर चढला. तिथून फिरोजवर उडी घ्यायची, फिरोज बाजूला होणार, जावईबापू तोंडावर पडणार, लोक हसणार, असं दोघांनी आपसात ठरवलेलं होतं. धोक्याची उडी, म्हणून मी ठोका आधीच अगदी खाली नेऊन ठेवला. इतका खाली मी कधी नेला नव्हता, तिथून वर आणायचा सराव तर नव्हताच. सगळीकडं शांत झालं. मागच्या चष्मेवाल्यानं खुर्चीला पाठ टेकली.

खांबावर सुयोगचा पाय सटकला. यात यंत्राचा काही दोष नाही, कुणाचाच नाही, नुसता पाय सटकला. तो डोक्यावर आपटला. मान कुठल्या बाजूला गेली ते मी बघितलं.

फिरोज त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तो त्याच्याकडं बघत होता, आपण घरातली एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवताना बघतो तसा. पंच आला. त्यानं हात वर न्यायला सुरुवात केली, ते खांद्याइतके वर गेले, आणि तिथंच राहिले. मग त्यानं ते खाली घेतले.

डॉक्टर रिंगणाच्या कडेला, माझ्यापासून चार पावलांवर बसले होते. औषधांची पेटी मांडीवर होती, तिच्या कडीवर त्यांचा हात होता. त्यांनी सुयोगकडं बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

सुयोगची बोटं हलत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, श्वास आत जात नव्हता. ओठ निळे पडायला लागले होते. तो माझ्याकडंच बघत होता. मला सगळं समजत होतं. मी घाबरले, की जमीन हादरेल, जमीन हादरली, की डॉक्टर उठतील, फिरोज धावेल, सगळं सभागृह उठून दारं तोडेल. मी फक्त घाबरायला हवं होतं. मी त्याचं चौथीतलं तोंड आठवलं. बहिणीचा शेवटचा दिवस आठवला. तिनं त्याचा हात माझ्या हातात दिला होता, तो आठवला. सगळं स्पष्ट आठवलं. मनगटावरचा आकडा हलला नाही.

पंख्यांचा आवाज येत होता. माझ्यामागं इतकी माणसं माझ्याबरोबर हळूहळू श्वास घेत होती, सोडत होती. कोणीतरी पाकीट फोडून शेंगदाणे खायला लागलं.

उठायला हवं, हे मला कळत होतं. उठून त्याच्याकडं जायला हवं. जाणारच होते मी. घाई मात्र वाटत नव्हती.